गजावरची काजळी

१

"टोपी, टोपी, टोपी! चव्वेचाळीस वर्षं झाली लग्नाला, पण या बाईनं अजून माझं तोंड धड पाहिलेलं नाही. तिचा सगळा जीव टोपीत."

हार्लन प्रुइट माझ्या कानाशी कुरकुरत होता. मी त्याला चिंध्या मोजून देत होते. गादीच्या निळ्या पट्ट्यांचं कापड, नाण्याएवढे गोल तुकडे, मेंढीच्या चरबीत भिजवलेले. दहा बारांना दहा, आणि माझ्याशी गोड बोलणाऱ्याला दोन जास्त. हार्लनला नेहमी बारा मिळायच्या.

"मग घाल की टोपी," मी म्हटलं. "कानाचा तुकडा काढलाय डॉक्टरांनी. ऊन लागू देऊ नकोस म्हणालेत ना?"

"टोपी घालून नेम धरायचा म्हणजे छत्री उघडून पोहायला जायचं. ही बघ, इथं राहील ती." त्यानं ती रुंद काठाची तपकिरी टोपी ठासणीच्या बाकामागच्या खुंटीवर अडकवली. एकोणतीस वर्षं मी त्याला त्याच खुंटीवर टोपी अडकवताना पाहत आले होते.

"आणि ओपल आली म्हणजे?"

"ओपल क्लबघराच्या स्वयंपाकघरात असते, बाकापाशी येत नाही. तिला नियम ठाऊक आहे."

तो नियम बाकाच्या वर, ओकच्या फळीत डागून लिहिलेला आहे: *ज्याचा गज नळीत असेल त्याच्याशी बोलू नये.* आमच्या टर्की रन क्लबात बाकीचेही नियम आहेत आणि ते सगळे मोडतात. हा मोडत नाही. ठासणीची बंदूक तोंडाकडून भरायची असते. आधी दारू, मग चिंधीत बसवलेली गोळी, मग गजानं ती गोळी पार तळापर्यंत ठासायची, दारूला टेकेपर्यंत. मन दुसरीकडे गेलं आणि यातली एक पायरी राहिली, तर काय होतं ते आमच्याकडे कुणी मोठ्यानं बोलत नाही.

ऑक्टोबरचा शनिवार होता. सकाळभर दरीत धुकं बसलेलं. दमट हवेत नळीतली काजळी चिकट होते, म्हणून सगळेच कुरकुरत होते. अकराच्या सुमारास धुकं फाटलं आणि एकदम लख्ख ऊन पडलं.

मी माझ्या टेबलाशी दोरी घेऊन बसले होते. आमच्याकडे गुण मोजत नाहीत, दोरी मोजतात. प्रत्येकजण आपली फळी आणतो, तिच्यावर स्वतःच्या चाकूनं फुली कोरतो. दहा बार झाले की मी फुलीपासून प्रत्येक भोकापर्यंत दोरी ताणते, एकापुढे एक. ज्याची दोरी सगळ्यात आखूड, तो जिंकला. या कामात डोकं वर काढता येत नाही. मीही काढलं नाही.

ठासणीच्या बंदुकीचा आवाज जाड असतो, दूर कुठेतरी धान्याचं पोतं आपटल्यासारखा. त्या वेळी आला तो आवाज पातळ होता. थाळी फुटल्यासारखा.

मी धावले. हार्लन गवतात आडवा पडला होता, डावा हात नको तसा वळलेला, मानेतून रक्त येत होतं. ओपल माझ्या आधीच तिथं पोचली होती. पिठाचे हात तिनं त्याच्या मानेवर दाबून धरले होते आणि ती एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होती. मला वाटलं, ती त्याचं नाव घेते आहे.

गाडी डोंगर उतरायच्या आतच हार्लन गेला.

२

शेरीफचा माणूस आला, अपघात असं लिहून गेला. कायद्याचं काम तिथं संपलं. आमचं संपलं नाही.

अंत्यविधीनंतर चर्चच्या तळघरात मक्याचा ब्रेड आणि बीन्स खाताना प्रत्येकाच्या तोंडी एकच गोष्ट होती: नळी फुटली. आणि नळी बनवली होती ड्वेन केसलरनं.

ड्वेन चौतिशीचा. आमच्या भागात लोखंडाची पट्टी तापवून, गुंडाळून, हातोड्यानं सांधून नळी करणारा तो एकटाच उरलाय. त्याच्या बापानं त्याला शिकवलं, बापाला आजानं. हार्लनला पोर नव्हतं. ड्वेनला त्यानंच धरून क्लबात आणलं, आणि स्वतःची जुनी बंदूक बाजूला ठेवून याच्या नळीनं खेळायला लागला, लोकांनी पाहावं म्हणून.

आमचे अध्यक्ष बर्डेट मास्तर. गावातल्या निम्म्या लोकांना त्यांनी पाढे शिकवलेत, त्यामुळे सगळे त्यांना अजून मास्तरच म्हणतात. त्यांनी ठराव लिहिला. पुढच्या शनिवारी दुपारी सभा. केसलरच्या नळ्या मैदानावर बंद, आणि शेजारच्या सगळ्या क्लबांना तसं पत्र. पत्र लिहिण्याचं काम चिटणिसाचं, म्हणजे माझं.

तसं पत्र गेलं की भट्टी विझली, हे कळायला शाळा लागत नाही. मी आठवीत सोडली, मलाही कळतं.

मी कागद समोर घेतला आणि मला लिहिता येईना. एकोणतीस वर्षं मी या लोकांची दोरी ताणत आले. मोजल्याशिवाय मी कधी कुणाला हरलेलं ठरवलं नव्हतं.

सोमवारी मी ड्वेनच्या भट्टीवर गेले. भट्टी थंड होती. भिंतीला तीन बंदुका टेकवलेल्या, प्रत्येकीच्या चापाला चिठ्ठी बांधलेली. परत आलेल्या.

"कॉफी देऊ का, नेल? बायको माहेरी गेलीय. माझ्या हातची आहे, चवीचं वचन देत नाही."

"सांधा सुटला का रे?"

त्यानं कप पुसायला घेतला. आधीच स्वच्छ होता. "लोक म्हणतात."

"लोक मला चेटकीण म्हणतात, कारण माझ्याकडे तीन मांजरं आहेत. मी तुला विचारतेय."

"नळी माझी होती."

"ते मला माहीत आहे. सांधा सुटला का?"

"पत्र लिहून टाक, नेल." तो माझ्याकडे बघत नव्हता. "लाकडाच्या वखारीत जागा आहे. एक तारखेपासून लागतो तिथं."

"तू बाकापाशी त्याच्या शेजारीच होतास. तू काय पाहिलंस?"

त्यानं कप खाली ठेवला, आणि माझ्या आयुष्यात पहिल्यांदा त्या पोरानं मला दाराची वाट दाखवली.

खोटं बोलणारा माणूस स्वतःला वाचवायला बोलतो. हा तर स्वतःला बुडवायला गप्प बसला होता. का?

३

हार्लनचं सामान माझ्याकडे होतं. त्या दिवशी मीच ते गोळा केलं होतं: कातडी पिशवी, गज, खुंटीवरची टोपी. ओपलला देईन म्हणून कपाटात ठेवलं. दहा दिवस झाले, ओपलनं मागितलं नव्हतं. मला वाटलं, सोसवत नसेल.

मंगळवारी सकाळी मी स्वयंपाकघराच्या टेबलावर जुनी चादर पसरून पिशवी रिकामी केली.

दोष तिघांपैकी एकाचा असणार होता. लोहाराचा, म्हणजे ड्वेनचा. मरणाऱ्याचा, कारण म्हातारा विसरला आणि त्यानं दारू दोनदा ओतली, असंही दबक्या आवाजात चाललं होतं. नाहीतर दारूत कुणी काही मिसळलं. आणि तसं करणारा कुणी असलाच, तर लोक रॉयस टॅकेटचं नाव घेणार. गेल्या वर्षी तो हार्लनकडून फक्त केसभर दोरीनं हरला होता. केसभर म्हणजे खरोखर केसभर. ती दोरी मीच मोजली होती आणि रॉयस महिनाभर माझ्याशी बोलला नव्हता.

हार्लन घरूनच दारू मोजून आणायचा, दहा लाकडी नळकांड्यांत, एका बाराला एक. मी ती ओळीनं मांडली. आठ रिकामी, दोन भरलेली. फळीवर भोकं सात, आणि आठव्या बाराला बंदूक फुटली. म्हणजे आठ बारांना आठच नळकांडी. दोनदा ओतली असती तर नववं रिकामं असतं. म्हातारा विसरला नव्हता. मी मोठ्यानं म्हटलं, "माफ कर रे हार्लन," आणि मांजरानं माझ्याकडे पाहिलं.

मग दारू. उरलेल्या दोन्ही नळकांड्यांतली चिमूट चिमूट मी अंगणात फावड्यावर जाळली. तोच पांढरा धूर, तोच सडक्या अंड्याचा वास. शिवाय मैदानातून वेचून आणलेल्या त्याच्या सात चिंध्या माझ्याकडे होत्या. दारू जास्त जहाल असली की चिंधी मधोमध जळून जाते. या सातही शाबूत होत्या, मध्ये काळा ठिपका आणि कडा फुलासारख्या उमललेल्या. दारू नेहमीचीच होती.

तरी मी रॉयसकडे गेले. तो गोठ्यात होता.

"तू मला विचारायला आलीस?" तो भडकला. "मी? त्याच्या शवपेटीला खांदा दिलाय मी!"

"दारू चांगली होती. मी जाळून पाहिली. तुझ्यावरचा आळ काढायलाच आलेय, शहाण्या."

तो निवला. गाईच्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. मग म्हणाला, "लोखंड कच्चं होतं. दुसरं काय. आणि हे बघ नेल, मी त्या वेळी बाकाकडे बघत नव्हतो."

मी गाडीत येऊन बसले, किल्ली फिरवली, आणि थांबले.

बाकाबद्दल मी त्याला काही विचारलंच नव्हतं.

४

घरी आल्यावर मी गज हातात घेतला. नुसता, धरायला म्हणून. हार्लनचा गज हिकरीच्या लाकडाचा होता, तूप लावलेल्या भाकरीच्या रंगाचा. त्याच्यावर त्यानं चाकूनं एक खूण कापली होती. गोळी तळाला, दारूवर टेकली, की ती खूण बरोबर नळीच्या तोंडाशी यायची. प्रत्येक बारानंतर तो गज फडक्यानं पुसायचा, नवी नवरी आरसा पुसते तसा. आम्ही त्यावरून त्याला खूप छळलं.

आता गज पुसलेला नव्हता.

टोकापासून वर काजळी लागली होती, चिकट, दमट दिवसाची काळी काजळी. गज नळीत जितका आत गेला तितकी. ती खुणेपर्यंत पोचायला हवी होती.

ती निम्म्यावरच थांबली होती. त्याच्या वर लाकूड लख्ख.

मी खाली बसले. गोळी ठासताना ती मध्येच अडली होती. काजळीत अडते कधीकधी. अशा वेळी माणूस दम घेतो, गज तसाच ठेवतो, मग अंगाचा भार टाकून गोळी खाली ढकलतो. हार्लननं दम घेतला होता. पण नंतर ढकललं नव्हतं. गज उपसून ठेवला, पुसायलाही विसरला, आणि रेषेवर जाऊन चाप ओढला. खाली दारू, मध्ये वीतभर-दोन वीत पोकळी, वर अडकलेली गोळी.

हार्लन प्रुइट? पन्नास वर्षं ठासणारा माणूस?

५

"फुटलेली नळी बघायचीय मला," मी बर्डेट मास्तरांना म्हटलं.

"तुला लोखंडातलं काय कळतं?"

"काही नाही. मला दोरीतलं कळतं."

क्लबघराच्या कपाटातून त्यांनी ती चादरीत गुंडाळलेली आणली. मध्यावर फाटून नळी एका बाजूनं उघडी पडली होती, केळ सोलावं तशी. मी उलटी करून पाहिली. ड्वेनचा सांधा नळीच्या पोटाशी, खालच्या अंगाला, सरळ रेषेत असतो. तो एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धडधाकट होता. फाटली होती ती वरची बाजू.

मग मी खिशातून दोरी काढली आणि नळीभोवती गुंडाळली. तोंडाशी एकदा, बुडाशी एकदा, आणि फाटलेल्या जागेच्या जरा अलीकडे एकदा. तिथं दोरी बोटाच्या पेराएवढी जास्त लागली. नळी तिथं सगळीकडून फुगली होती, सापानं बेडूक गिळल्यासारखी.

"सांधा सुटला असता तर लांबीत चिरली असती," मी म्हटलं. "ही आधी गोल फुगली, मग फाटली. आत काहीतरी अडकलं होतं, मास्तर."

मी गज आणला होता. काजळीची लांबी मी दोरीवर घेतली, चिमटीत धरली आणि तीच दोरी नळीच्या तोंडापासून मागे ताणली. दोरीचं टोक बरोब्बर त्या फुगवट्यावर जाऊन टेकलं.

एवढी स्वच्छ मोजणी मी एकोणतीस वर्षांत केली नव्हती.

"त्याला कुणीतरी अडवलं," मी म्हणाले. "गज नळीत असताना कुणीतरी त्याच्याशी बोललं."

मास्तरांनी चादर पुन्हा नळीवर ओढली, मेलेल्या माणसावर ओढतात तशी हळू.

"नेल, दोरी गुंडाळ आणि घरी जा."

"तुम्हाला माहीत होतं."

"लोखंडाला दोष दिला तर लोखंड रडत नाही."

"पण लोहार रडतो, मास्तर. एक तारखेपासून तो वखारीत फळ्या उचलणार आहे."

"तो तरुण आहे. त्याला सोसेल." त्यांनी चष्मा काढला. डोळे लाल होते. "सगळ्यांना सोसत नाही."

६

मास्तरांच्या त्या शेवटच्या वाक्यानं मला झोपू दिलं नाही असं म्हणणार होते, पण मी झोपले. पहाटे उठून कणीक मळताना मला टोपी आठवली.

ती मी खुंटीवरून काढून आणली होती आणि न बघताच पिशवीखाली कोंबली होती. आता खिडकीत उजेडाला धरली. काठाच्या डाव्या बाजूला तीन बारीक भोकं होती. कडा जळक्या. एकात लोखंडाचा कण अजून रुतलेला.

खुंटी बाकामागे. बाकापासून नेमाची रेषा बारा पावलं पुढे. हार्लन रेषेवर पडला होता आणि तुकडे त्याच्या डाव्या अंगाला उडाले होते. बारा पावलं मागे टांगलेल्या टोपीपर्यंत तीन ठिणग्या पोचतील, तर त्या मधल्या माणसांना ओलांडून, वळणं घेत पोचाव्या लागतील.

टोपी खुंटीवर नव्हती. ती त्याच्या डोक्यावर होती. बार झाल्यावर कुणीतरी ती गवतातून उचलली आणि पुन्हा खुंटीला लावली.

मी थेट गोठ्यात गेले. टोपी रॉयसच्या पुढे धरली.

"खुंटीला तू लावलीस?"

तो धडधाकट माणूस बादलीवर बसला. "अजून काय सुचणार होतं? ती तिथं पडली होती. कुणी पाहिली असती तर कुणीही विचारलं असतं, यानं टोपी का घातली? मी लावली. ड्वेननं पाहिलं. मास्तरांनी पाहिलं. कुणीच काही बोललं नाही. आम्ही ठरवलं नव्हतं, नेल. देवाशपथ. नुसतं कुणी बोललं नाही."

"आणि मी?"

"तू दोरी मोजत होतीस. तुझंच डोकं तेवढं खाली होतं."

मी नाव विचारलं नाही. त्यानं सांगितलं नाही. देव जरी येऊन म्हणाला असता तरी हार्लननं नेम धरताना टोपी घातली नसती. त्याच्या डोक्यावर ती ठेवू शकेल असं माणूस जगात एकच होतं. धुकं फाटलं, ऊन पडलं. स्वयंपाकघर माझ्या टेबलापेक्षा दुप्पट लांब. तरी पिठाचे हात घेऊन ती माझ्या आधी पोचली होती, कारण ती नुकतीच बाकापासून परत निघाली होती. आणि जो शब्द ती पुन्हा पुन्हा म्हणत होती, ते त्याचं नाव नव्हतं. "टोपी," ती म्हणत होती. "टोपी."

मी घरी आले. कागद घेतला. पत्र लिहिलं नाही. पण दुसरंही काही लिहिता आलं नाही. सत्य हातात होतं आणि ते ठेवायला जागा नव्हती. दोष ड्वेनच्या मांडीवर राहू दिला तर त्याची भट्टी विझते. खरं जिथलं तिथं ठेवलं, तर ओपलचं उरलेलं आयुष्य.

तीन दिवस मी भाकरी करपवली.

७

शनिवारी दुपारी क्लबघर भरलेलं होतं. शेगडीवर कॉफी. कुणीतरी ताकाचा केक आणला होता, त्याला कुणी सुरी लावली नव्हती. ड्वेन कोपऱ्यात, स्वतःची टोपी मांडीवर, शाळेत शिक्षा झालेल्या पोरासारखा. मास्तरांनी ठराव वाचायला कागद उलगडला.

"आधी मला बोलू द्या," मी म्हटलं. "मोजल्याशिवाय मी निकाल लिहीत नाही."

मी टेबलावर मांडलं. नळकांडी: आठ रिकामी, दोन भरलेली, म्हणजे दारू दोनदा पडली नाही. चिंध्या: सात, शाबूत, म्हणजे दारू खरी. नळी: सांधा सलग, फुगवटा गोल, म्हणजे लोखंड खरं. मग गज ठेवला आणि सगळ्यांदेखत दोरी ताणली. ती बरोबर फुगवट्याशी जाऊन थांबली.

"ड्वेनच्या नळीनं हार्लनला मारलं नाही," मी म्हणाले. "अर्ध्या नळीत अडकलेल्या गोळीनं मारलं. दुसरी कुठलीही नळी असती तरी फुटली असती. हार्लनचं ठासणं अर्धं राहिलं. एवढंच मला सांगायचं होतं."

एवढंच नव्हतं. टोपी माझ्या शिवणाच्या पिशवीत, पायांशी होती. तिथं मी थांबले. माझ्यात पुढचं धाडस नव्हतं, आणि खरं सांगायचं तर हक्कही नव्हता.

"अर्धं का राहिलं?" मागच्या रांगेतून कुणा नवख्यानं विचारलं. बाकीच्यांनी आपापल्या कपात पाहिलं. रॉयसनं पाहिलं, मास्तरांनी पाहिलं. असं वाटावं, की कॉफीत काहीतरी लिहिलंय.

"वय," मास्तर म्हणाले. "वय झालं होतं त्याचं. विसरला असेल. आपण असं लिहू, की..."

"हार्लन विसरत नव्हता."

आवाज दाराकडून आला. ओपल उभी होती. तिला कुणी बोलावलं नव्हतं, तिला जपायचं म्हणूनच बोलावलं नव्हतं. अंगावर चर्चचा कोट, बटणं एक घर चुकून लावलेली. किती वेळची उभी होती कुणास ठाऊक.

"ये, ओपल, बस," मी म्हटलं. "कॉफी घे."

"माझ्या नवऱ्याला विसराळू म्हणू नका, मास्तर. त्याला आमच्या लग्नात पाऊस किती वाजता लागला ते आठवत होतं." ती पुढे आली. टेबलावरचा गज तिनं पाहिला, काजळी संपते तिथं बोट ठेवलं. बोट काळं झालं. ते तिनं पुसलं नाही. "टोपी कुठाय, नेल?"

मी पायांशी ठेवलेल्या पिशवीकडे पाहिलं.

"तुझ्याकडेच आहे. खुंटीवर नव्हती, मी बघून आलेय. रोज बघून येते. दे."

मी पिशवीतून टोपी काढून तिच्या हातात दिली. तिनं ती उजेडाला धरली, मी धरली होती तशीच. तीन भोकं मोजली. मग काठ सरळ केला, हार्लन ती घालून निघाला असता तर केला असता तसा.

"ओपल, नको," ड्वेन उठला. "माझं चालेल. मला वखारीत काम मिळालंय. खरंच. नको."

"खाली बस, पोरा." ती कडक बोलली, पण हात त्याच्या खांद्यावर ठेवून. "दोन आठवडे माझं ओझं तू वाहिलंस. आता ठेव ते. तुझ्या भट्टीत उद्या जाळ दिसला नाही तर मी स्वतः येऊन फुंकर घालीन, आणि माझी छाती कशी आहे ते तुला माहीत आहे."

मास्तर उभे राहिले आणि तसेच उभे राहिले.

ओपलनं टोपी पोटाशी धरली. खिडकीतून मैदान दिसत होतं, बाक, खुंटी, आणि बाकावरची ती ओकची फळी. अक्षरं इथून वाचता येत नव्हती. वाचायची कुणाला गरज नव्हती.

"ऊन पडलं होतं," ती म्हणाली. "मी त्याच्या डोक्यावर टोपी ठेवली, आणि म्हटलं, कान झाक रे, माझ्यासाठी तरी. तो हसला. नेहमी चिडायचा, त्या दिवशी हसला. मला इतकं बरं वाटलं." तिनं श्वास घेतला. "गज नळीत होता. मला दिसत होता. तरी मी त्याच्याशी बोलले."